एक तिकीट, पाच मालक

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत 'कोल्डप्ले' हा बँड वाजला आणि त्याच्या आठवडाभर आधीच मुंबई उच्च न्यायालयाने तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका फेटाळली. कायदा करायचा तर विधिमंडळाने करावा, आम्ही नव्हे, असा निकालाचा रोख. बरोबरच आहे. पण मग बनावट तिकिटांचं काय?

त्यासाठी कलमं आहेत की! भारतीय न्याय संहितेचं ३१८ फसवणुकीसाठी, ३३६ खोटा दस्तऐवज बनवण्यासाठी, ३४० तो खरा म्हणून वापरण्यासाठी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड वेगळंच. संहितेच्या कलमांखाली सात वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते.

घोळ पुढे आहे. समजा, कोणी एक खरं तिकीट घेतलं आणि त्याची पीडीएफ टेलिग्रामवरून पाच जणांना विकली. क्यूआर कोड अस्सल. जो आधी पोहोचला तो आत, उरलेले चौघे फाटकाबाहेर. आता यात बनावट काय? तिकीट तर खरं, खोटा तो विकणारा! माझ्या मते इथे दस्तऐवजाचं कलम लंगडं पडतं. उरते फसवणूक, आणि तिथे विकतानाच मनात खोट होती हे सिद्ध करावं लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईडीने 'कोल्डप्ले'च्या तिकिटांच्या काळ्या बाजारावरून छापे घातले, तेव्हाही इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम हीच नावं पुढे आली. त्यात चौघांची पंचाईत अशी, की अडीच ते पस्तीस हजारांची तिकिटं लाखाच्या घरात गेलेली. ब्लॅकने घेतलं हे पोलीस चौकीत कोणत्या तोंडाने सांगणार?

इंग्लंडने ही कटकटच ठेवली नाही. फुटबॉलचं तिकीट परवानगीविना विकणं हाच तिथे १९९४ पासून गुन्हा. खरं की खोटं, प्रश्नच नाही. अर्थात हे ग्राहकाच्या कळवळ्याने झालं नव्हतं, दोन संघांचे समर्थक एकाच स्टँडमध्ये बसून डोकी फोडू नयेत म्हणून झालं. लंडन ऑलिंपिकच्या वेळी अशा विक्रीचा दंड वीस हजार पौंडांपर्यंत नेला होता.

आपल्याकडे 'काला बाजार'मध्ये (१९६०) देव आनंद थिएटरबाहेर तिकिटं ब्लॅक करत होता. लुबाडत होता खरा, पण त्याच्याकडचं तिकीट घेऊन माणूस आत तरी जात होता, आणि डोअरकीपरने ते एकदा फाडलं की दुसऱ्याला विकायची सोय उरत नव्हती.