बुळकांड्या गेला, तो कशामुळे?

ज्याच्या नुसत्या नावाने एके काळी गावाला धडकी भरायची, तो गुरांचा बुळकांड्या पृथ्वीवरून नाहीसा झाल्याची घोषणा 2011 च्या मे-जूनमध्ये झाली. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसरा रोग, आणि जनावरांमधला पहिलाच. सपाटून ताप, वाहणारे डोळे, हिरड्यांवर कोंडा चिकटल्यासारखे चट्टे, मग दुर्गंधी हगवण, आणि आठवड्या-दीड आठवड्यात जनावर आडवे. आज चाळिशीच्या आतल्या पशुवैद्याने हे चित्र फक्त पुस्तकात पाहिलेले असते. या यशाची गोष्ट सहसा लसीची गोष्ट म्हणून सांगतात. ती खोटी नाही, पण दीडशे वर्षांचा मागोवा घेतला की अपुरी वाटते. लसीने बुळकांड्या आटोक्यात आला. संपला तो शोधामुळे. आणि शोध नीट व्हावा म्हणून एका टप्प्यावर लस थांबवावीही लागली.

या गोष्टीची सुरुवात बरीचशी आपल्याच मुलखातली आहे. 1862 मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा काढणारे हॅलन हेच पुढे गुरांच्या साथींवर नेमलेल्या आयोगाचे प्रमुख झाले. आयोगाचा अहवाल 1871 चा. 1886 मध्ये परळला मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय उभे राहिले, ते पेटिट घराण्याच्या देणगीतून निघालेल्या जनावरांच्या इस्पितळाच्या जोडीने. डिसेंबर 1889 मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. पण पुण्याची हवा गरम, आणि भोवती गुरांची दाट वस्ती असताना असले जंतू हाताळणे धोक्याचे. म्हणून 1893 मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात, साडेसात हजार फुटांवरच्या मुक्तेश्वरला हलवली. प्रयोगशाळेच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता. पण संशोधन आणि गोठा यांच्यात तेव्हा पडलेले अंतर नुसते मैलांचे नव्हते. ते भरून निघायला शंभर वर्षे लागली. याच सुमारास, 1887 मध्ये, इटालियन सैन्यासाठी मसावा बंदरात उतरवलेल्या जनावरांबरोबर बुळकांड्या इथिओपियाच्या पठारावर चढला. ही जनावरे हिंदुस्थानातून नेलेली होती, असे बहुतेक इतिहासकार मानतात. तिथल्या गुरांना या रोगाची ओळखच नव्हती. दहातली नऊ मेली असा अंदाज आहे. नांगराला बैल उरला नाही, शेती पडली आणि 1888 ते 1892 चा भीषण दुष्काळ त्यातून उभा राहिला. दहा वर्षांत रोग दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला पोहोचला.

आपल्याकडच्या मैदानी गुरांची मात्र या रोगाशी पिढ्यान्‌पिढ्या गाठ पडलेली होती. त्यामुळे इथे तो सौम्य रूपात घुटमळत राहायचा आणि मधूनच भडकायचा. हे सौम्यपण पुढे फार महागात पडले. 1920 च्या दशकात मुक्तेश्वरला एडवर्ड्स यांनी विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा वारंवार नेऊन दुबळा केला आणि स्वस्त, परिणामकारक लस हाती आली. 1954 मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. लक्ष्य होते देशातल्या 80 टक्के गाईम्हशींना टोचण्याचे. सुरुवातीला उद्रेक झपाट्याने घटले, आणि मग घटायचे थांबले. पुढची पंचवीस-तीस वर्षे दरसाल लाखो जनावरे टोचली जात होती, अहवालात आकडे चढत होते, आणि रोग आपल्या जागी होता. असे का झाले? 80 टक्के हा आकडा देशाचा होता, दावणीचा नव्हता. कुठे सगळी गुरे दोनदा टोचलेली, कुठे एकही नाही. दरवर्षी जन्मणारी वासरे म्हणजे रोगाला नवे सरपण. त्यात बैलबाजार. त्यात ऊसतोडीच्या हंगामात बीड-नगरकडून साखर कारखान्यांच्या अड्ड्यांवर येणाऱ्या हजारो बैलजोड्या. अर्धवट लसीकरण झालेल्या कळपात रोग इतका मवाळ दिसतो की तो साधी हगवण म्हणून खपून जातो. आणखी एक गुंता होता. 1967 मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ ही संस्था स्थापन केल्यानंतर संकरित गाई गावोगाव पोहोचू लागल्या. त्यांना शेळीतली लस सोसायची नाही. त्यांच्यासाठी प्लॉराइट यांनी केनियात 1960 च्या आसपास सिद्ध केलेली, पेशींवर वाढवलेली लस आवश्यक होती, आणि तिला गोठ्यापर्यंत बर्फ लागायचा.

आफ्रिकेतही हेच घडले, तेही अधिक ठळकपणे. 1962 ते 1976 या काळात बावीस देशांत लसीकरणाची संयुक्त मोहीम झाली. तीन वर्षे ओळीने टोचायचे आणि पुढच्या प्रदेशात जायचे, अशी तिची पद्धत. रोग जवळजवळ गेला, म्हणून मोहीम आवरली. जे कोपरे उरले त्यांत सुदान-इथिओपियाकडचा एक होता, आणि 1980 च्या दशकात रोग पुन्हा खंडभर पसरला. इथिओपियाच्या पठारावर वर्षामागून वर्षे लस टोचली जात होती आणि रोग मात्र खाली अफारच्या तापलेल्या सखल मुलखात, भटक्या पशुपालकांच्या कळपांत, सुखाने नांदत होता. तिथे ना रस्ता, ना बर्फ, ना सरकारी माणसावर विश्वास. 1990 च्या दशकात पठारावरची सरसकट टोचणी आवरती घेऊन सगळे लक्ष या ठिकाणांवर वळवले, तेव्हा चित्र पालटले. बर्फाशिवाय सुमारे महिनाभर टिकणारी लस तोवर तयार झाली होती. ती टोचायला अफारांमधूनच माणसे निवडून शिकवली. कुठल्या कळपात कोणते दुखणे आहे हे या माणसांना बाहेरच्या कोणाही डॉक्टरपेक्षा आधी कळायचे, आणि माझ्या मते त्यांचा खरा उपयोग हाच होता. इथिओपियातला शेवटचा उद्रेक 1995 चा.

भारतातलाही शेवटचा उद्रेक 1995 मधला, तमिळनाडूतला. त्याआधी 1992 मध्ये युरोपीय समुदायाच्या मदतीने नवा प्रकल्प सुरू झाला होता. त्यात देशाचे विभाग पाडले, आणि जिथे रोग दिसत नव्हता तिथे लसीकरण थांबवत नेले. हे सांगायला सोपे, करायला अवघड. टोचलेल्या जनावराच्या रक्तात प्रतिपिंडे असतात. ती लसीमुळे आली की रोगामुळे, हे तपासणीत कळत नाही. म्हणजे लस चालू असेतो रोग आहे की नाही हे सांगताच येत नाही. म्हणून लस बंद, आणि तिच्या जागी शोध. गावोगाव फिरून विचारपूस करायची, गुरांच्या वाहतुकीच्या वाटा तपासायच्या, दवाखान्याची रोजची वही उघडून ‘ताप, हगवण, तोंडात फोड’ अशी नोंद दिसली की त्या गोठ्यापर्यंत जायचे. शोधाचा एक मोठा लाभ आधीच पदरात पडला होता. दक्षिणेत मेंढ्यांमधला बुळकांड्या म्हणून जे समजले जात होते, ते निदान काही ठिकाणी पीपीआर हे वेगळेच दुखणे असल्याचे 1987 मध्ये तमिळनाडूत उघड झाले. शत्रू कोण हेच ठाऊक नसताना टोचणीचा आकडा कितीही मोठा असला तरी काय कामाचा? 2004 मध्ये भारत रोगमुक्त आणि 2006 मध्ये संसर्गमुक्त ठरला.

यावर पहिला आक्षेप असा की बुळकांड्या मुळात सोपा रोग होता. विषाणूचा प्रकार एकच, एकदा बरे झालेले जनावर जन्मभर सुरक्षित, लक्षणे न दाखवता रोग बाळगणारे जनावर नाही, आणि विषाणू उघड्यावर फार तगत नाही. लाळ्या-खुरकुतीचे तसे नाही. हे मान्य. पण मग हा सोपा रोग, चांगली लस हाताशी असून, सत्तर वर्षे का टिकला? जीवशास्त्राची सगळी अनुकूलता असताना जे अडले, ते लसीच्या बाटलीबाहेरचे होते, एवढेच त्यातून सिद्ध होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लस थांबवल्यावर रोग उसळला तर जबाबदार कोण? टोचणी चालू ठेवणारा अधिकारी कधी चुकत नाही, थांबवणारा चुकू शकतो. त्यामुळे शासनयंत्रणेचा कल साहजिकच आकड्यांकडे जातो. यावर उतारा एकच, थांबण्याआधी शोधाची यंत्रणा उभी असली पाहिजे. उलटा क्रम आत्मघातकी ठरला असता.

हा हिशेब जुना झालेला नाही. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या चिनावलला लंपी ही गुरांची साथ आढळली आणि महाराष्ट्राने वेगाने पावले उचलली. बाजार बंद, वाहतूक बंद, मेलेल्या गाईमागे 30 हजार आणि बैलामागे 25 हजार रुपयांची मदत, आणि राज्यातल्या सुमारे 1 कोटी 40 लाख गोवंशाला शेळ्यांच्या देवीची लस. एवढ्या थोड्या वेळात एवढे काम करणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकांना दाद द्यायलाच हवी. पण रोजच्या चर्चेत मथळा टक्केवारीचाच असायचा, आणि 2023 मध्ये लंपी पुन्हा आली. डास-माश्यांमार्फत पसरणारा हा रोग बुळकांड्याइतका सरळ नाही, हे खरे. तरी टोचलेल्या कळपात रोग दिसला तर तो का दिसला, हा प्रश्न टक्केवारीत मावत नाही. इथिओपियात तो विचारला गेला. लंपी तिथे कित्येक दशके आहे. टोचलेली जनावरे आजारी पडतात हे पाहून संशोधकांनी माग काढला, तेव्हा वर्षानुवर्षे वापरात असलेली केनियाच्या मेंढी-शेळी देवीच्या विषाणूपासूनची लस पुरेसे संरक्षण देत नसल्याचे निष्पन्न झाले. आपली लस वेगळ्या वाणाची आहे, म्हणून तो निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. प्रश्न मात्र लागू आहे. हिसार आणि इज्जतनगरच्या संशोधकांनी बनवलेल्या खास लंपीच्या लसीचे तंत्र डिसेंबर 2022 मध्ये पुण्याच्या सरकारी लसनिर्मिती संस्थेला मिळाले. ती गोठ्यात किती टिकते हेही असेच पाहावे लागेल.

दूध पिशवीतून घेणाऱ्या नवी मुंबईला हे सगळे दूरचे वाटेल, पण तसे नाही. गोठवलेले म्हशीचे मांस शेजारच्या न्हावा शेवा बंदरातून परदेशी जाते, आणि देश बुळकांड्यामुक्त ठरल्याने या व्यापारातला मोठा अडसर दूर झाला. जानेवारी 2025 मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्या मरू लागल्या, नमुने गेले, बर्ड फ्लू निघाला. एक किलोमीटरच्या आत कोंबड्या नष्ट करायच्या आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, ही कार्यपद्धती शोधावरच उभी आहे. पुढचे लक्ष्य शेळ्यामेंढ्यांच्या पीपीआरचे आहे. तो 2030 पर्यंत जगातून घालवायचा, असे 2015 मध्ये ठरले. त्याची लस चांगली आहे, एका टोचणीत काही वर्षे निभावते. पण दिवाळीनंतर घाट उतरून रायगडच्या भातखाचरांत बसणारे धनगरांचे वाडे कुठल्या गावाच्या हिशेबात धरायचे? लस टोचली त्या दिवशी वाडा एका गावी असतो, आणि महिन्याने कोकरे मरू लागली तर तिसऱ्याच तालुक्यात. ती मर दवाखान्याच्या वहीत चढायची तर वाड्यातल्याच कुणाला तरी रोग ओळखायला, नमुना घ्यायला आणि कळवायला शिकवावे लागेल, आणि त्या कामाचा मेहनतानाही द्यावा लागेल.