चव बदलली, की खाणारे?

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कला चार महिने राहून आले. परत आल्यावर भिशीतल्या मैत्रिणींनी विचारलं, "काय काय पाहिलंस गं?" पुतळा पाहिला, पूल पाहिले, उंच इमारती पाहिल्या, ते सगळं सांगून झालं. पण मनात घर करून राहिलं ते तिथलं एक जुनं खाण्याचं दुकान. मी शाकाहारी, आणि ते दुकान प्रसिद्ध आहे मांसाच्या सँडविचसाठी! आता बोला.

दुकानाचं नाव 'कॅट्झ'. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साईड नावाच्या जुन्या वस्तीत, एका कोपऱ्यावर. युरोपातून आलेल्या ज्यू लोकांच्या अशा दुकानांना 'डेलिकेटेसन' म्हणतात, रोजच्या बोलण्यात नुसतं 'डेली'. खारवलेलं, धुरावलेलं मांस, सलामी, लोणची, राय नावाच्या धान्याचा काळपट पाव. बसून खा नाहीतर बांधून न्या. कॅट्झची सुरुवात १८८८ सालची. आईसलँड आडनावाच्या दोघा भावांनी ते काढलं, १९०३ मध्ये एक कॅट्झ भागीदार झाले, पुढे त्यांच्या घराण्याने भावांचा वाटा घेतला आणि पाटीवर तेच नाव राहिलं. दुकानाची शंभरी भरली त्या १९८८ साली ते दुसऱ्या कुटुंबाने घेतलं. पाटी मात्र बदलली नाही.

मला तिथं नेलं लेकीच्या इमारतीतल्या एका आजींनी. वय ऐंशीच्या पुढे, ज्यू. बाळाला बघायला आल्या आणि मला म्हणाल्या, "तू घरात किती दिवस बसणार? चल." त्यांचं इंग्रजी भरभर, माझं अडखळत, पण खाण्याच्या गोष्टी दोन बायकांना समजायला भाषा कशाला लागते?

दारातच प्रत्येकीच्या हातात एक तिकीट देतात. जे घ्याल ते काउंटरवरचा माणूस त्यावर लिहितो, आणि बाहेर पडताना हिशेब. तिकीट हरवलं तर दंड. आजी म्हणाल्या, "पर्समध्ये ठेव." मी आपली रेशनकार्डासारखी मुठीत धरून बसले.

आजी लहानपणी वडिलांचं बोट धरून इथं यायच्या. तेव्हा आजूबाजूला सगळी गरीब वस्ती. दोन खोल्यांत आठ-आठ माणसं, कपडे शिवायचे कारखाने, बोलायची भाषा यिडिश. शुक्रवारी संध्याकाळी सॉसेज आणि घेवड्याचे दाणे खायला सगळी आळी लोटायची. त्या पिढीचं मत काय असणार? स्वस्त, पोटभर आणि आपल्या मुलखाची चव. दुसऱ्या महायुद्धात मालकांची मुलं सैन्यात गेली, त्यांना घरून सलामी पाठवली जायची; बघता बघता 'सैन्यातल्या मुलाला सलामी पाठवा' अशी यमक जुळवलेली जाहिरातच झाली. ती पाटी अजून आहे. सुकवलेली सलामी टिकते ना! आपण नाही का हॉस्टेलवरच्या पोरांना चिवडा-लाडवांचे डबे पाठवत?

मग मुलं शिकली, डॉक्टर-वकील झाली, गावाबाहेर बंगल्यात गेली. पाकीटबंद मांस सुपरमार्केटात मिळायला लागलं. चरबी आणि कोलेस्टेरॉलची भीती घराघरात शिरली. आजींचा मुलगा कॉलेजात असताना म्हणायचा, "त्या दुकानात गेलं की कोटाला वास येतो." बाई गं! अगदी आपल्याकडच्या मुलांना चारचौघांत बोंबलाचं नाव काढायची लाज वाटते तसंच. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अशी दीड हजारांच्या आसपास दुकानं होती असं सांगतात. आता बोटांवर मोजण्याएवढी उरली.

कॅट्झ तगलं. जागा स्वतःच्या मालकीची, हे मोठं कारण. आणि १९८९ साली 'व्हेन हॅरी मेट सॅली' हा सिनेमा आला. त्यातला एक गमतीदार प्रसंग (तो मी इथं लिहिणार नाही, घरातली मोठी माणसं वाचतात) इथल्याच टेबलावर चित्रित झाला. त्या टेबलावर आता वरून पाटी टांगलेली आहे आणि खाली बसायला जगभरातली माणसं येतात.

आता मतं बघा कशी फिरली. जुने खवय्ये म्हणतात, पर्यटकांची जत्रा झाली. पर्यटक म्हणतात, एका सँडविचला पंचवीस डॉलरच्या वर? सोवळ्यातले ज्यू म्हणतात, हे आमचं नव्हेच! ही शेवटची गोष्ट मला आधी कळेना. मग आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांची आठवण झाली. तेही ज्यूच. अलिबागकडे त्यांना 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून रश्शाला नारळाचं दूध. तोच नियम तिकडेही. आणि कॅट्झमध्ये तर मांसावर चीज घातलेलं सँडविच मिळतं, शनिवारी दुकान उघडं. म्हणजे चव ज्यूंची, पण सोवळं नाही.

किमतीचं म्हणाल तर मी आधी मनात डॉलरचे रुपये करून दचकलेच होते. पण आजींनी पास्ट्रमीचं गणित समजावलं. गायीच्या पोटाकडचं चरबीचं मांस कित्येक दिवस मीठमसाल्यात मुरवायचं, धुरावर ठेवायचं, उकडायचं, मग वाफेवर मऊ करायचं आणि गिऱ्हाइकासमोर हाताने कापायचं. (आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी ते चालायचं नाही, मलाही नाही; पण कृती म्हणून ऐकायला काय हरकत आहे?) प्रत्येक पायरीला वजन घटतं. मेथीची जुडी केवढी आणि शिजल्यावर भाजी केवढी, हे ज्या बाईला ठाऊक आहे तिला जास्त सांगायला नको.

मी खाल्लं काय? 'क्निश' नावाचा बटाट्याचं सारण भरलेला प्रकार, आपल्या पॅटिसच्या नात्यातला. 'एग क्रीम' नावाचं पेय, ज्यात अंडंही नाही आणि क्रीमही नाही. दूध, सोडा आणि चॉकलेटचं सिरप. आणि काकडीचं लोणचं. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

आजींनी आणखी एका दुकानाची गोष्ट सांगितली. 'सेकंड ॲव्हेन्यू डेली', १९५४ सालचं, सोवळं पाळणारं. १९९६ मध्ये त्याच्या मालकांचा, बँकेत पैसे भरायला जाताना, गोळ्या घालून खून झाला. घरच्यांनी दुकान चालू ठेवलं, पण भाड्यावरून वाद होऊन २००६च्या सुरुवातीला ते बंद पडलं. पुतण्याने २००७च्या अखेरीस ते तेहेतिसाव्या रस्त्यावर पुन्हा उघडलं, नाव तेच. म्हणजे सदाशिव पेठेची पाटी कोथरूडला लावली! लोकांनी नाकं मुरडली, ते जुनं ते जुनंच म्हणाले. आज मात्र तिथं पहिल्यांदा जाणारी तरुण मुलं नव्या जागेलाच जुनं दुकान समजतात.

"तुम्हाला काय वाटतं? चव तीच आहे?" मी विचारलं.

आजी बराच वेळ चावत राहिल्या. म्हणाल्या, "माझे दात आता माझे नाहीत. नवरा गेल्यापासून मीठ कमी केलंय. मी चवीबद्दल काय सांगू? मांस कापणारा माणूस आधी एक तुकडा चाखायला देतो बघ, तो तुकडा वडील मला द्यायचे. तेवढं मात्र अगदी तसंच आहे." आणि त्यांनी अर्धं सँडविच नातीसाठी बांधून घेतलं. कोटाला वास येतो म्हणणाऱ्या त्या मुलाचीच ही मुलगी. दर महिन्याला मित्रमैत्रिणींना घेऊन तिथं जाते.

आता लोणचं. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवायचं. बरणीत कोवळ्या, लहान काकड्या, ठेचलेला लसूण, थोडे धणे आणि शेपूची कोवळी पानं घालून वरून ते पाणी ओतायचं. व्हिनेगर नाही, तेल नाही. काकड्या पाण्याखाली बुडून राहिल्या पाहिजेत, नाहीतर बुरशी धरते. आपल्या हवेत दोन-तीन दिवसांत आंबट वास आला की बरणी फ्रिजमध्ये ठेवा.

परवा मी पहिल्यांदाच केलं आणि ह्यांना जेवताना वाढलं. ह्यांनी एक फोड खाल्ली, विचार केला आणि म्हणाले, "चांगलं आहे, पण मागच्या वेळेसारखं नाही जमलं."