मुंग्यांना घर देणारी वेल आपल्या घरात

रोपवाटिकेत टांगलेल्या एखाद्या कुंडीतून जाड, मांसल पानांची एक वेल खाली लोंबत असते. लहान गोल पानांच्या मधूनच पिवळट हिरव्या, फुगीर थैल्या डोकावतात. ‘ही किडे खाणारी वनस्पती आहे’ असे विक्रेता सांगतो. वर्गात घटपर्णी शिकवून झालेली असल्याने आपल्यालाही ते सहज पटते. रोप घरी किंवा शाळेत येते. चांगली काळी माती आणि शेणखत घालून ते कुंडीत लावले जाते, त्याला रोज पाणी मिळते, आणि एखादा उत्साही विद्यार्थी थैलीत मेलेली माशीही टाकतो. महिना-दीड महिन्यात थैल्या सुरकुततात. सुरकुतल्या म्हणून आणखी पाणी घातले जाते. मग खोड बुंध्याशी काळे पडते आणि वेल गळून जाते.

दुर्लक्षामुळे मेलेली रोपे आपण नेहमीच पाहतो. ही वेल मात्र बहुधा काळजीमुळे मरते. तिची थैली कशासाठी आहे हे एकदा नीट कळले, की पाणी किती घालायचे, माती का घालायची नाही, ऊन किती द्यायचे या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळू लागतात. म्हणून आधी थैलीकडे वळू या.

या वेलीचे शास्त्रीय नाव डिस्किडिया मेजर. जुन्या पुस्तकांत ती डिस्किडिया रॅफ्लेसियाना या नावाने भेटते. हे नाव कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथनियल वॉलिच यांनी सिंगापूरच्या रॅफल्स यांच्या सन्मानार्थ दिले होते. मराठीत तिला रूढ नाव नाही. या लेखापुरते आपण तिला ‘थैलीवेल’ म्हणू. ईशान्य भारतापासून म्यानमार, मलेशिया, इंडोनेशिया असे करत थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ती आढळते. रोपवाटिकांत पुष्कळदा तिची फिलिपाइन्समधील बहीण डिस्किडिया विडालाय मिळते. तिच्या थैल्या चपट्या असून फुले लालभडक असतात. दोघींची निगा सारखीच.

नाव परके असले तरी घराणे आपल्या ओळखीचे आहे. थैलीवेलीचे पान तोडले की पांढरा चीक येतो आणि तिच्या बियांना रेशमी केसांचा झुपका असतो. या दोन खुणांवरून विद्यार्थी ‘रुई!’ असे उत्तर देतील, आणि ते बरोबर आहे. रुई, उतरंड आणि सह्याद्रीच्या दक्षिण भागात झाडांवर वाढणारी होया या सगळ्या एकाच गोतातल्या. जुन्या पाठ्यपुस्तकांत रुईचे कूळ वेगळे दिले जाई. आता ते कण्हेरीच्या कुळातच समाविष्ट केले जाते.

थैलीवेल जमिनीत वाढत नाही. ती झाडाच्या फांदीवर, सालीला मुळांनी धरून राहते, म्हणजे ती अपिवनस्पती आहे. येथे बांडगुळाशी गल्लत होऊ देऊ नये. बांडगूळ आपली शोषक मुळे यजमान झाडात घुसवते आणि त्याचा रस ओढते. अपिवनस्पती फक्त बसायला जागा घेते. आंब्यावर वाढणारी सीतेची वेणी ही आमरी तशीच. जागा फुकट मिळाली तरी अडचणी पुष्कळ असतात. फांदीवर माती नाही, म्हणून खत नाही. पाऊस थांबला की काही तासांत साल कोरडी होते. नत्र आणि पाणी या दोन्हींचा कायमचा दुष्काळ असतो. थैली ही या दुष्काळावर काढलेली तोड आहे.

एखादी जुनी थैली उभी चिरून पाहावी. आत कीटक पचवणारा द्रव नसतो, घसरडी भिंतही नसते. असतात ती मुळे! थैलीच्या तोंडाजवळ खोडावर फुटलेली आगंतुक मुळे तोंडातून आत शिरतात आणि आतल्या पोकळीत फांद्या फुटून पसरतात. रानातल्या थैलीत त्या मुळांभोवती मातीसारखा भुगा असतो: मुंग्यांनी आणलेले कण, कीटकांचे अवशेष, विष्ठा आणि मेलेल्या मुंग्या. कारण थैलीत मुंग्यांची वसाहत नांदत असते. तेव्हा ही वेल स्वतःची कुंडी स्वतःच तयार करते आणि ती मुंग्यांकडून भरून घेते, असे म्हणायला हरकत नाही.

घटपर्णीची सुरई आणि ही थैली यांतील फरक शिक्षकांनी आवर्जून दाखवण्याजोगा आहे. दोन्ही पानांचीच रूपांतरे. परंतु घटपर्णीच्या सुरईची आतली बाजू ही पानाची वरची बाजू असते, तर थैलीवेलीत पानाची खालची बाजू आत जाते. या लहानशा फरकाचा मोठा परिणाम होतो, तो पुढे पाहू. एकोणिसाव्या शतकात या थैल्यांविषयी बरेच तर्क झाले. जावा बेटावरील बोगोर उद्यानाचे संचालक मेल्कियोर ट्रूब यांनी १८८३ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. परंतु वेलीला मुंग्यांचा उपयोग नेमका किती होतो, हे मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते.

ते साधन समस्थानिकांच्या रूपाने मिळाले. निसर्गातील बहुतेक कार्बन १२ अणुभाराचा असतो, थोडासा १३ चा. नत्रातही १४ आणि १५ अशी जोडी आहे. या जड-हलक्या अणूंचे प्रमाण पदार्थापदार्थांत किंचित बदलते. मुंग्यांच्या उच्छ्वासातील कार्बनवर त्यांच्या अन्नाचा ठसा असतो, बाहेरच्या हवेतील कार्बनवर तो नसतो. पानातील प्रमाण अचूक मोजले, तर त्यातला कार्बन कोणत्या वाटेने किती आला याचा हिशेब मांडता येतो. कॅथलीन ट्रेसेडर, डायान डेव्हिडसन आणि जेम्स एलरिंजर यांनी बोर्निओतील सारवाकमध्ये वाढणाऱ्या थैलीवेलीबाबत असा हिशेब केला आणि १९९५ मध्ये तो ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मुंग्या राहत असलेल्या वेलीच्या पानांतील ३९ टक्के कार्बन मुंग्यांच्या श्वसनातून आलेला होता आणि २९ टक्के नत्र त्यांनी साठवलेल्या भुग्यातून.

नत्राचे समजण्यासारखे आहे, आत मुळे आहेतच. पण कार्बन? येथे तो पानाच्या बाजूंचा फरक कामी येतो. पानांच्या खालच्या बाजूवर पर्णरंध्रे भरपूर असतात, आणि थैलीवेलीत तीच बाजू आत आहे. म्हणजे मुंग्या जो कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात, तो शोषणारी दारे त्यांच्याच खोलीत उघडतात. शिवाय ही दारे दमट पोकळीत असल्याने त्यांतून बाहेर पडणारी वाफ वाया जाण्याचे प्रमाणही कमी होते.

पाणी वाचवण्याची आणखी एक युक्ती तिच्याकडे आहे. निवडुंग आणि पानफुटीप्रमाणे ती पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडते, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा दारे बंद ठेवून त्याचे प्रकाशसंश्लेषण करते. साठ मुलांच्या वर्गात कार्बन डाय-ऑक्साइड भरपूर असतो, तेव्हा वर्गातल्या वेलीला मुंग्यांची उणीव भासणार नाही, असा विचार आमच्याही मनात आला होता. पण तिची दारे उघडतात तेव्हा शाळेला कुलूप असते!

आता निगेकडे येऊ. मुंग्यांवाचून ही वेल जगते, थैल्याही धरते. रिकाम्या थैल्यांत मुळेही शिरतात. घरात आपल्याला करायचे ते इतकेच, की फांदीवरची परिस्थिती जमेल तेवढी आणून द्यायची.

पहिली गोष्ट म्हणजे माती नको. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, तितकेच लोणारी कोळशाचे आणि विटेचे तुकडे एकत्र करावेत. सोडणे आधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून घ्यावीत, म्हणजे त्यांतील क्षार आणि तांबडा अर्क निघून जातो. हे मिश्रण तारेच्या टोपलीत किंवा तळाला पुष्कळ भोके असलेल्या लहान कुंडीत भरावे. त्याहून सोपे म्हणजे नारळाचे अर्धे सोडण किंवा खडबडीत सालीचा आंब्याचा ओंडका घेऊन त्यावर वेल सुतळीने सैल बांधणे. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, हे यामागचे कारण. चिकट काळ्या मातीत ती गुदमरतात.

पाणी रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा एकदा पोटभर द्यावे आणि मग सुकू द्यावे. टोपली बादलीत दहा मिनिटे बुडवून निथळत ठेवावी. पुन्हा पाणी केव्हा द्यायचे, हे वार पाहून ठरवू नये, टोपली उचलून पाहावी. ओली आणि सुकी यांच्या वजनातला फरक हाताला आठवड्याभरात कळू लागतो. विद्यार्थ्यांना तागडीवर रोजचे वजन करून आलेख काढायला सांगितला, तर मार्च आणि ऑगस्टमधील फरक त्यांनाच दिसेल. थैल्यांत मात्र पाणी ओतू नये. साचलेल्या पाण्यात आतली मुळे कुजतात.

सुरकुतलेल्या पानांचे निदान मात्र विचारपूर्वक करावे लागते. तहानलेली वेल सुरकुतते आणि मुळे कुजलेली वेलही सुरकुतते, कारण दोघींच्याही पानांत पाणी पोचत नाही. म्हणून आधी मुळे पाहावीत. ती टणक, फिकट असतील तर वेल तहानलेली आहे, बुडवून ठेवली की दोन-चार दिवसांत पाने भरतात. मुळे मऊ, काळी असतील तर पाणी पूर्ण थांबवून, वरचा निरोगी भाग कापून नव्याने लावणे हाच उपाय. दोन-तीन पेरांचा तुकडा घ्यावा, चीक सुकू द्यावा आणि किंचित ओलसर सोडणावर बांधून सावलीत ठेवावा. मुळे पेरांतून फुटतात. एका शाळेकडून दुसऱ्या शाळेकडे वेल जायची ती अशीच, तुकड्याने जावी. रानातून उपटून आणलेली रोपे विकत घेऊ नयेत.

प्रकाश भरपूर, पण गाळलेला हवा. पूर्वेची खिडकी उत्तम. दुपारच्या उन्हात पाने पिवळी पडून भाजतात. खरी अडचण असते ती हवेच्या कोरडेपणाची. कोकणात हा प्रश्न फारसा येत नाही. पुण्यात किंवा मराठवाड्यात मात्र एप्रिलच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा वेळी वेलीखाली पाणी आणि खडे भरलेली परात ठेवावी, भोवती इतर कुंड्या मांडाव्यात. विदर्भात वाळ्याचा कूलर लावलेली खोली तिला मानवते, फक्त वाऱ्याचा झोत अंगावर नको. थंडीत रात्रीचे तापमान १५ अंशांखाली जाऊ लागले की तिला आत घ्यावे आणि पाणी कमी करावे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी जड असेल तर पावसाचे साठवलेले पाणी बरे.

मुंग्यांच्या भुग्याची जागा पातळ खताने भरून काढता येते. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, आणि तेही वाढीच्या काळातच. यापेक्षा अधिक देण्याचा मोह टाळावा. दुष्काळाची सवय असलेल्या मुळांना ते सोसत नाही.

मग थैल्यांत घरातल्या मुंग्या सोडाव्यात का? विद्यार्थी हे हमखास विचारतात. आमचे मत, सोडू नयेत. रानात या वेलीशी जमवून घेतलेल्या मुंग्या वेगळ्या जातींच्या आहेत. घरातल्या मुंग्या वेलीवर दिसल्या तर बहुधा पानांच्या बगलेत पिठ्या ढेकूण असतो आणि मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठी आलेल्या असतात. साबणाच्या सौम्य पाण्यात बुडवलेल्या कापसाने तो पुसून काढावा.

रात्रीच्या आम्लसाठ्याचा प्रयोग वर्गात सहज करता येतो, आणि त्यासाठी पानफुटी अधिक सोयीची. या पानांची चव सकाळी आंबट असते आणि दुपारनंतर ती जाते, हे भारतात काम केलेले बेंजामिन हाइन यांनी नोंदवले होते. त्यांचे टिपण १८१५ मध्ये छापले गेले. आपण चव न घेता पीएच कागद वापरावा. सूर्योदयाच्या सुमारास एक पान आणि चार वाजता त्याच झाडाचे दुसरे पान घेऊन, समान वजनाच्या पाण्यात वाटून, दोन्ही रसांचा कागदावरील रंग ताडून पाहावा. हाच प्रयोग थैलीवेलीवर करायचा असेल, तर ती निदान हातभर वाढू द्यावी. एका वेळी दोन-तीन गोल पाने पुरतात, थैल्या तोडू नयेत. वाटताना चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत.