62 टक्के

"62," दादा म्हणतो. चहाचं विचारणंही नाही, आधी आकडा. दाराजवळच्या तळहाताएवढ्या पडद्यावर तो स्वेटर चढवून वाकलेला आहे. रात्री झोपताना तिथे 90 होते. रात्रभर कुणी दिवा लावला नाही, टीव्ही लावला नाही, तरी 28 टक्के बॅटरी गेली.

"कशाने?" मी विचारते.

"हे ऐक." पायाशी जाळीतून गरम वारा घोंगावतोय. हीटर गॅसवरचा, पण गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवरचा. चालू असताना सातेक अँपिअर ओढणारा. बाहेर पारा 5 अंश सेल्सिअसवर, म्हणजे तो रात्रभर चालू-बंद होत राहिलेला.

आम्ही ॲरिझोनात, क्वार्टझसाइटच्या दक्षिणेला ला पोसाच्या माळावर ट्रेलरमध्ये आहोत. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या काळात ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट इथे परवान्यावर मुक्काम करू देतो. पाणी भरता येतं, मैलापाण्याची टाकी रिकामी करता येते. विजेचा खांब मात्र नाही. सोयीच्या कॅम्पग्राउंडमध्ये 30 अँपिअरची केबल खांबाला जोडली की 120 व्होल्टवर 3,600 वॅटपर्यंत ओढता येतं, मग कोण कशाला मोजतंय? इथे जे काही आहे ते पलंगाखाली: 12 व्होल्टच्या, शंभर-शंभर अँपिअर-तासांच्या दोन लिथियम बॅटऱ्या. जुन्या शिशाच्या असत्या तर निम्म्याच वापरायच्या, नाहीतर लवकर मरतात.

वहिनी फ्रिज उघडते. हातात आधीच ताट आहे. दही, मिरच्या, कोथिंबीर, ओलं खोबरं, दूध, असं सगळं एका दमात ताटात येतं आणि दार बंद. आतला छोटा थर्मामीटर मला ओझरता दिसतो: 37 फॅरनहाइट. 40 च्या, म्हणजे साधारण 4 सेल्सिअसच्या वर गेलं की दूध-मटणाचा भरवसा संपला. "हा फ्रिज घरच्यासारखा नाही गं," वहिनी म्हणते, "एकदा तापला की गार व्हायला अर्धा दिवस घेतो." म्हणून गरम भांडं आत जात नाही, आणि निघताना घरूनच आमटी चपट्या पिशव्यांत गोठवून आणलीय. रोज संध्याकाळी एक पिशवी फ्रीझरमधून खाली येते. ती सकाळपर्यंत वितळते आणि तोवर बर्फाचं काम करते.

दादा मला बाहेर नेतो. ट्रेलरच्या उत्तरेच्या अंगाला, सावलीत, फ्रिजच्या मागची झडप आहे. मुद्दामच ही बाजू उत्तरेला ठेवलीय. इथे ऊन आलं की फ्रिज धापा टाकतो. झडप काढल्यावर आत बोटाएवढी निळी ज्योत दिसते. थंडी तयार होतेय ती हिच्यावर. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. ज्योत पाण्यातून अमोनिया उकळून वेगळा करते, तो वर जाऊन गार होतो, द्रव होतो, आणि हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वाफ होताना फ्रिजच्या पोटातली उष्णता ओढून नेतो. ना पंप, ना मोटर. 1922 साली स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोघांची ही करामत. द्रव आपल्या वजनानेच उतरत परत येतो, त्यामुळे गाडी कलती ठेवून चालत नाही. चाकांखाली फळ्या आहेत, आणि फ्रिजच्या तळाशी गवंड्याची असते तशी पाणसळ.

"म्हणजे फ्रिजला वीज लागतच नाही?"

"लागते ना. ज्योतीवर पहारा करणारं सर्किट बॅटरीवर चालतं. बॅटरी बसली की सिलिंडर भरलेला असूनही फ्रिज बंद."

शेजारच्या व्हॅनमधले आजोबा हसत हात हलवतात. त्यांचा फ्रिज नवा, कॉम्प्रेसरचा, थेट 12 व्होल्टवर चालणारा. गाडी कशीही कलू दे, त्याला फरक पडत नाही. पटकन गारही होतो. पण त्याची सगळी भूक बॅटरीवरच. सलग दोन दिवस ढग आले की त्यांना जनरेटर काढावा लागतो, तोही रात्री 10 च्या आत.

अकरा वाजता दादा शिडीवर चढतो. छतावरची 400 वॅटची पॅनेल आडवी पडलीत आणि जानेवारीचा सूर्य दक्षिणेला खाली. तो पॅनेलचा एकेक पाय उचलून खुंटी अडकवतो, पॅनेल तिरपी होतात. मी आत पडद्यासमोर उभी राहून ओरडून आकडे सांगते. पंधरा... अठरा... तेवीस.

"आता मिक्सर!" वहिनी म्हणते. चटणीचं भांडं घरघरतं आणि पडद्यावरचा आकडा पन्नास अँपिअरच्या पुढे उडी मारतो. माझा जीव वर-खाली. दादा शांत. दोन मिनिटांत भांडं थांबतं. गेले किती? जेमतेम दोन अँपिअर-तास. रात्रीच्या पंख्याने त्याच्या वीसपट खाल्ले होते. आवाज करून ओढणारं यंत्र इथे चोर नसतं. कमी ओढत रात्रभर जागणारं असतं.

पाचच्या सुमाराला ऊन कलतं. पडद्यावर 96. तेवढ्यात फोनवर अंदाज येतो: उद्या दिवसभर ढग. ट्रेलरमध्ये लगेच बैठक बसते. हीटर 55 फॅरनहाइटवर, जास्तीच्या गोधड्या खाली काढायच्या. मायक्रोवेव्ह बंद. दादा झोपेत श्वासासाठी लावतो त्या मशीनमधली पाणी तापवायची पट्टी बंद. मशीन नुसतं हवेवर.

"आणि चटणी?" दादा विचारतो.

"आजचीच उरलीय," वहिनी म्हणते, "पण उद्या दार दोनदाच उघडणार. सकाळी काय काय लागेल ते दोघांनी आत्ता सांगा. नंतर लोणी आठवलं, तर मिळणार नाही."