गोदामात कशाशेजारी काय ठेवले आहे?

१४ एप्रिलचा दिवस आपल्या घरात कसा उजाडतो, हे वाचकांना सांगायला नको. निळे झेंडे, पोरांचे नवे कपडे आणि संध्याकाळची मिरवणूक. त्याच दिवशी अग्निशमन केंद्रातही एक कार्यक्रम असतो. बंबाशेजारी जवान रांगेत उभे राहतात आणि आपल्या मृत सहकाऱ्यांना मानवंदना देतात. जयंतीच्या गडबडीत आपले तिकडे फारसे लक्ष जात नाही.

१४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्यामागे मुंबईच्या गोदीतला एक स्फोट आहे आणि त्या स्फोटामागे माल रचण्यातली चूक आहे. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत ड्रम ढकलणारे, निफाड-दिंडोरीकडे पाठीवरून पोती वाहणारे आपलेच बांधव आहेत. पॅकिंगला बसणाऱ्याही आपल्याच आया-बहिणी आहेत. म्हणून ऐंशी वर्षांपूर्वीची ही हकीकत आज आपल्या घरची आहे, असे आम्हाला वाटते.

गोदीत काय घडले?

साल १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते. फोर्ट स्टिकिन नावाचे जहाज कराचीहून १२ एप्रिलला मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. जोडीला कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपे आणि लाकूडही होते. जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यात तर कापूस आणि स्फोटके वर-खाली एकत्र रचली होती.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास त्या कप्प्यातून धूर निघू लागला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. पण दाबून बांधलेली कापसाची गाठ आतून धुमसते. वरून कितीही पाणी ओतले तरी ती लवकर विझत नाही. उष्णता वाढत गेली आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. साधारण अर्ध्या तासाने दुसरा झाला. अधिकृत गणतीनेच सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. गोदीभोवतीच्या वस्त्या जळाल्या, हजारो लोक बेघर झाले.

कापूस एकटा पेटला असता तर मालाचे नुकसान होऊन भागले असते. कापूस आणि स्फोटके शेजारी बसवली, म्हणून शहर हादरले. गोदामाच्या सुरक्षिततेचा पहिला धडा हाच आहे. रसायन कोणते आहे याला जेवढे महत्त्व आहे, तेवढेच ते कशाच्या शेजारी ठेवले आहे यालाही आहे.

त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४२ ते १९४६ या काळात ते खाते त्यांच्याकडे होते. १९४५ साली त्याच खात्यात कारखानेविषयक मुख्य सल्लागाराचे कार्यालय स्थापन झाले. कारखान्यातील सुरक्षिततेबाबत सल्ला देणारी केंद्र सरकारची यंत्रणा पुढे त्यातूनच उभी राहिली. कामगाराचा जीव ही मालकाच्या मर्जीची बाब नाही, हा विचार तेव्हापासून सरकारी कामकाजात आलेला आहे.

द्राक्षाच्या गावातले उदाहरण

आता आपल्या जिल्ह्यात या. द्राक्षबागेत भुरी रोग येऊ नये म्हणून गंधक मारतात. ठिबकमधून १३:००:४५ नावाचे खत देतात. ही दोन्ही पोती अनेकदा एकाच गोदामात उतरतात, कधी एकावर एकही रचली जातात. उचलणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात.

प्रत्यक्षात १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. जुनी माणसे ज्याला सोरा म्हणत, तो हाच. सोरा, गंधक आणि कोळसा यांपासून पूर्वी बंदुकीची दारू होत असे. गंधक हे जळणारे आहे. सोरा स्वतः पेटत नाही, पण दुसऱ्याला जळायला प्राणवायू पुरवतो. पोती फुटली, दोन्हींचा भुगा जमिनीवर मिसळला आणि त्यावर कोणी विडीचे थोटूक टाकले, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. अशी आग झाकूनही विझत नाही, कारण तिला लागणारी हवा तिच्याच पोटात असते.

म्हणून शहाणे गोदाम मालाच्या जाती पाडते. आम्हाला जात हा शब्द कुठेच नको आहे, पण रसायनांच्या बाबतीत वेगळे राहण्यातच सर्वांचे भले आहे! पेट घेणारे द्रव एका दालनात, पेटायला मदत करणारे दुसऱ्यात, आम्ले तिसऱ्यात, विषारी औषधे चौथ्यात. पाणी लागताच बिघडणारी रसायने कोरड्या जागी. वेल्डिंगच्या गॅससाठी वापरतात ते कार्बाइड घ्या. त्यावर पाणी पडले की पेट घेणारा वायू निघतो. तिथे बंबाचे पाणीसुद्धा आग वाढवते.

चांगले गोदाम कसे ओळखावे?

त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. डोळे उघडे ठेवून पुढील गोष्टी पाहाव्यात.

दोन दालनांमधली भिंत पक्की, आगीला तोंड देणारी आणि छतापर्यंत गेलेली असावी. पत्र्याचा आडोसा म्हणजे भिंत नव्हे. द्रवाचे कॅन खाली आणि पावडरीची पोती वर असावीत. कॅन वर ठेवला आणि तो गळला, तर खालच्या पोत्यात नको ते मिसळते. सोऱ्यासारखा माल लाकडी फळ्यांवर ठेवू नये, कारण लाकूड हेच जळण आहे. थप्पी भिंतीला चिकटलेली नसावी. मधून माणूस चालत जाऊन गळती पाहू शकेल एवढी वाट हवी. थप्पी दिव्यापर्यंत किंवा छतावरच्या पाण्याच्या फवाऱ्यापर्यंतही पोहोचू नये.

थिनर, टोल्युइन अशा द्रवांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि ठिणगी शोधत दूरपर्यंत जाते. टोल्युइनची वाफ अवघ्या ४ अंश तापमानालाही पेट घेऊ शकते. मग नाशिकच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय स्थिती असेल? म्हणून नुसता छताला पंखा पुरत नाही, जमिनीलगतही हवा खेळती लागते. बटणे आणि दिवे ठिणगी बाहेर न पडणाऱ्या बनावटीचे लागतात. ड्रममधून द्रव ओतताना दोन्ही भांडी तारेने जोडून जमिनीला जोडावी लागतात. नाहीतर ओतण्यानेच वीज साठते आणि ठिणगी पडते.

दाराशी उंबरठा किंवा उतार असावा. याला फार मोठा अर्थ आहे. १९८६ साली १ नोव्हेंबरला स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ सँडोझ कंपनीचे रसायनांचे गोदाम पेटले. आग विझवण्याचे पाणी कीटकनाशके घेऊन ऱ्हाईन नदीत गेले आणि कित्येक किलोमीटर मासे मेले. आपल्याकडे नासर्डी शहरातून वाहत गोदावरीला मिळते. आगीचे विषारी पाणी आवारातच अडवले नाही, तर ते कुणाच्या काठाला लागेल? नदीकाठच्या झोपडपट्ट्यांत कोण राहते, हे आपण जाणतोच.

मागचे दार

काही वर्षांपूर्वी आम्ही एका गोदामात गेलो होतो. मागे दार होते, पण त्याच्यापुढे पोत्यांची थप्पी लागलेली. आम्ही विचारले, तर मुकादम म्हणाला, "साहेब, ते दार कशाला लागतंय? माल तर पुढूनच येतो-जातो." पॅकिंगवरच्या एक ताई हळूच म्हणाल्या, "आम्ही तर जेवायलाबी हितंच बसतो."

या दोन वाक्यांत सारे आले. मालासाठी एक दार पुरते, माणसासाठी पुरत नाही. आग नेमकी पुढच्या दारात लागली तर मागचे दार हाच जीव. ते बाहेरच्या बाजूला उघडणारे, आतून कुलूप नसलेले आणि समोर काहीही नसलेले हवे.

७ जून २०२१ रोजी पुणे जिल्ह्यात पिरंगुटजवळच्या एसव्हीएस ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कारखान्यात आग लागली. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारे क्लोरीन डायऑक्साइडचे उत्पादन तिथे होत असे. १७ कामगार गेले, त्यांत १५ महिला होत्या. सकाळी डबा भरून निघालेल्या या बाया होत्या. आपल्या इगतपुरी तालुक्यात मुंढेगावला जिंदाल पॉलिफिल्म्सच्या कारखान्यात १ जानेवारी २०२३ ला आग भडकली, त्यातही पहिल्याच दिवशी दोन महिलांचा मृत्यू झाला. मे २०२५ मध्ये त्याच कारखान्यात पुन्हा मोठी आग लागली आणि ती काही दिवस धुमसत राहिली.

प्रत्येक आगीचे कारण वेगळे असते. पण साठवण आणि माणसे एका छताखाली कोंबली की छोटी आगही प्राणघातक होते. पॅकिंगची जागा वेगळी, साठ्याची वेगळी, जेवायची तर पूर्ण वेगळी असली पाहिजे. कामाच्या टेबलाजवळ त्या पाळीला लागेल तेवढाच माल आणावा.

फाटकावरचा कागद

१२ ऑगस्ट २०१५ रोजी चीनमध्ये तिआनजिन बंदरातले एक रासायनिक गोदाम पेटले आणि फुटले. १७३ माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्यांत निम्म्याहून अधिक आग विझवायला गेलेले जवान होते. आत काय आणि किती आहे, याची नीट माहिती त्यांना नव्हती. म्हणून कोणत्या दालनात कोणता माल किती आहे याचा नकाशा आणि यादी फाटकावर हवी. ऑफिसच्या कपाटातली यादी आगीबरोबर जळून जाते.

कामगारासाठी ड्रमवरचे चित्र हीच पाटी. इंग्रजी येत नसले तरी ही लाल चौकटीतली चित्रे पोरांकडूनही शिकून घ्यावीत. नुसती ज्वाला म्हणजे पेट घेणारे. गोलावर ज्वाला म्हणजे दुसऱ्याला पेटवायला मदत करणारे. ही दोन चित्रे कधीही शेजारी दिसता कामा नयेत. हातावर थेंब म्हणजे कातडी जाळणारे, कवटी म्हणजे विष, फुटणारा गोळा म्हणजे स्फोटक.

हक्क कोणते?

भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये वायुगळती झाली. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन दोन गोष्टी आल्या. धोक्याची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले आणि जिवावर बेतेल असा धोका दिसल्यास तो निदर्शनास आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी श्रमसंहिता लागू झाली आहे. तिच्यातही हे हक्क आहेत. ठेकेदाराकडचा कामगार असला तरी त्याचा जीव कमी किमतीचा ठरत नाही.

"आमचे नुसते गोदाम आहे, कारखाना नाही," असे कोणी म्हणेल. परंतु धोकादायक रसायनांबाबत १९८९ साली केंद्राने केलेल्या नियमांत निर्मितीबरोबर साठवणही येते. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदाही आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांच्या मालकाने आगीची साधने चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. ते दिले का, हे युनियनने विचारावे. एकट्याने विचारले तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, ही भीती खरी आहे. म्हणूनच चौघांनी मिळून, लेखी विचारावे. दाद लागली नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

घरच्यांसाठी

शेवटी भगिनींना दोन शब्द. रसायनाचा रिकामा ड्रम किंवा कॅन पाण्यासाठी घरी आणू नये. धुतला तरी तो स्वच्छ होत नाही. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचे ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. घर लहान असले तरी ही दोन एका फळीवर नकोत. गोदामाचा नियम घरातही तोच.

आणि संध्याकाळी घरधनी, मुलगा किंवा मुलगी कामावरून आली की चहा देताना एवढे जरूर विचारावे, "आज मागचं दार उघडं होतं का?" घराघरांतून रोज हा प्रश्न गेला, तर चौघांनी मिळून मालकाला विचारण्याचे धाडसही त्यातूनच येईल. पुढच्या १४ एप्रिलला मिरवणूक अग्निशमन केंद्रावरून गेली, तर क्षणभर थांबून त्या ६६ जणांना वंदन करावे. कुणीतरी चुकीच्या शेजाराला ठेवलेल्या मालापायी ते गेले. आपल्या माणसांवर ती वेळ येऊ नये.