एसीच्या पोटातलं पाणी

नवरात्र आटोपलेलं असतं, पाऊस गेला की अजून आहे यावर जिन्यात वाद चालू असतो आणि ऊन मात्र वैशाखाला लाजवेल असं तापतं. अशा दुपारी चार महिने मुका बसलेला एसी आपण रिमोटनं जागा करतो. पहिली झुळूक येते ती न वाळलेल्या सतरंजीचा वास घेऊन. पाचव्या मिनिटाला घरातल्या कुणाला तरी शिंक येते. आमच्याकडे ती मला येते आणि एकीवर भागत नाही. चौदा-पंधरा झाल्या की नाक वाहायला लागतं, डोळ्यांचे कोपरे खाजतात. बरीच वर्षं याचं खापर मी दिवाळीच्या साफसफाईवर फोडत होते. माळ्यावरची धूळ, दुसरं काय!

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं घडवला. निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजून शरीरानं तलवार उपसायची, असा त्याचा आपल्यापुरता अर्थ. पाश्चात्त्य पुस्तकांत या तलवारबाजीचा मोठा मोसम वसंतात येतो. माझा मात्र पाऊस ओसरला की सुरू होतो: गवतं फुलावर आलेली, रस्त्याकडेला गाजरगवताचे पांढरे ठिपके, कपाटामागच्या भिंतीला धरलेली बुरशी आणि ट्रंकेतून निघालेल्या रजया. त्यात आपण एसी लावतो.

एसी म्हणजे हवा गार करणारं यंत्र, ही समजूत अर्धीच खरी. १९०२ साली विलिस कॅरियर या पंचविशीतल्या इंजिनिअरनं ते आखलं ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. (जुन्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे दुःख समजेल.) हवेतलं पाणी आटोक्यात ठेवायचं, हे त्याचं मूळ काम.

ते पाणी निघतं कसं? गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब धरतात, तसंच. पंखा खोलीतली हवा ओढतो, ती फिल्टरच्या जाळीतून गार कॉइलवर जाते, बाष्पाचं पाणी होतं, ते खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ड्रेन पाइपनं बाहेर जातं. दमट दिवशी दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. आता दुसरी गोष्ट: घरातला नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, आहे तीच फिरवत राहतो. म्हणजे चादरींचे तंतू, अंगावरचा कोंडा, फोडणीच्या धुराचा तेलकट अंश हे सगळं पुन्हा पुन्हा त्या ओल्या कॉइलवरून जातं. काळोख, ओल आणि वर धुळीचा खुराक. बुरशीला माहेरपण म्हणतात ते हेच.

खात्री करायची तर मोबाइलचा टॉर्च पुरे. एसी मेन स्विचवरून बंद करा, पुढचं झाकण उचला, जाळ्या काढून घ्या. जाळीवर राखाडी नमद्यासारखा थर दिसेल. तो नळाखाली निघतो, आणि मोसमात दर पंधरा दिवसांनी काढावा. पण तेवढ्यावर ‘एसी साफ केला’ म्हणणं म्हणजे उंबरा पुसून घर सारवलं म्हणण्यासारखं आहे. खरं बघायचं ते खाली, हवा बाहेर पडते त्या फटीत. पाती बोटानं वर करून आत उजेड टाका. लाटण्याएवढ्या लांबट ब्लोअरच्या पात्यांवर काळे, किंचित ओशट ठिपके दिसले, तर वास तिथून येतोय. माझ्या एसीत ठिपके नव्हतेच. सलग काळं होतं.

हे घरी फडक्यानं निघत नाही. त्यासाठी ‘जेट सर्व्हिस’ सांगायची. एसीखाली प्लॅस्टिकची झोळी बांधतात, तिचं नळकांडं बादलीत सोडतात आणि कॉइल, ब्लोअर, ट्रे दाबाच्या पाण्यानं धुतात. ‘ड्राय सर्व्हिस’ म्हणजे बहुधा ब्लोअरनं धूळ उडवणं. दम्याच्या माणसाच्या खोलीत ती करूच देऊ नये. जेटच्या वेळीही शिंकणाऱ्यानं दुसऱ्या खोलीत बसावं.

आमच्याकडे आलेला पोरगा पाच मिनिटांत म्हणाला, “काकू, गॅस कमी झालाय. भरावा लागेल.” गेल्या वर्षी दुसऱ्याला मी निमूटपणे पैसे दिले होते. यंदा विचारलं, “गेला कुठं?” एसीतला गॅस हा स्कूटरच्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही, बंद नळीत तोच फिरतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे, ती आधी शोधायला हवी. पोरगा हसला. “आधी धुऊन बघू,” म्हणाला. धुतल्यावर हवा पूर्वीसारखी जोरात यायला लागली आणि गॅसचा विषय निघालाच नाही. बादलीतलं पाणी मात्र कोऱ्या कॉफीच्या रंगाचं होतं.

तो जायच्या आत एक करून घ्यावं: ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतायला लावायचं आणि बाहेर पाइपच्या टोकाशी आपण उभं राहायचं. धार लगेच आली तर ठीक. थेंब थेंब आलं तर पाइपला उतार नाही किंवा शेवाळाचा बोळा अडकलाय. ट्रेमध्ये तुंबलेलं पाणी म्हणजे पुढल्या बुरशीचं बियाणं. आणि रोजची सवय म्हणून एसी बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे कॉइल वाळते.

जाहिरातीतल्या खास फिल्टरपट्ट्यांवर माझा फारसा भरवसा नाही. खरा ‘हेपा’ फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण त्यातून हवा ढकलायला तेवढ्या ताकदीचा पंखा लागतो. तो वेगळ्या एअर प्युरिफायरमध्ये असतो. काही जण हौसेनं एसीच्या जाळीवर जुनं मलमल लावतात. हवा कोंडते, कॉइलवर बर्फ धरतो आणि मग तो वितळून पलंगावर गळतो.

आता त्या माळ्यावरच्या धुळीचं. घरच्या धुळीत अ‍ॅलर्जी कशानं होते, हे हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात दाखवलं: पाव मिलिमीटरच्या आसपासचे आठ पायांचे माइट. ते आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि गादी-उशीत राहतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. गंमत अशी की ते पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून घेतात. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली टिकली तर हळूहळू सुकून मरतात. म्हणजे ज्या एसीला मी शिव्या देत होते, तोच स्वच्छ असेल तर औषध. पण खोलीपेक्षा फार मोठा एसी घेऊ नये. तो झटकन गार करून थांबतो आणि ओल तशीच राहते. काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक उशाशी ठेवला की कळतं. चादरी आणि अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात. एसी कितीही चकचकीत असला तरी यातून सुटका नाही.

आउटडोअर युनिटमागे कबुतरांचा संसार असेल तर विष्ठा कोरडी झाडू नका. मास्क लावून, आधी ओली करून काढा. त्या भुकटीनं होणारा फुप्फुसांचा आजार शिंकांपेक्षा फार गंभीर असतो.

विदर्भात हे सगळं उलटं. तिथला कूलर हवेत पाणी घालतो. नागपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी की ते सोसतं, खिडकी उघडी असेल तर. हंगामाआधी गेल्या वर्षीचा वाळा किंवा लाकडी भुसा फेकून नवा भरावा, टाकी घासावी, आठवड्याला पाणी पूर्ण काढून ती कोरडी करावी. नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते. पावसाची दमट हवा सुरू झाली की कूलरला रजा.

माझी ताई न्यू जर्सीत असते. तिथं तिला ऑगस्टपासून दव गोठेपर्यंत रॅगवीडचा त्रास. हे रॅगवीड आपल्या गाजरगवताचं जवळचं भावंड, दोघंही सूर्यफुलाच्या कुळातली. पुण्यात गाजरगवत १९५०च्या दशकात नजरेत भरलं. मी म्हटलं, सासर बदललं तरी नाकाचं वैर घराण्याशीच! तिच्या तळघरात एकच फर्नेस आहे, तिच्याच डक्टमधून हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा. पहिल्यांदा हीटर लावला की उन्हाळाभर साठलेली धूळ करपल्याचा वास येतो. डक्ट धुऊन देणाऱ्यांचे फोन तिला सारखे येतात. पण त्यानं आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, असं तिथली पर्यावरण संस्था ईपीए स्वतःच सांगते. खरं काम असतं एका पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या फिल्टरचं. त्याला ‘मर्व्ह’ नावाचा दर्जांक असतो. फर्नेसला झेपत असेल तर १३ चा घ्यावा, परागांबरोबर बराच बारीक कचराही अडतो, आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदलावा. चौकटीवर बाण छापलेला असतो. हवा वाहते त्या दिशेला, म्हणजे फर्नेसकडे, तो ठेवायचा.

परवा रात्री तिनं नव्या फिल्टरचा फोटो पाठवला. कोपऱ्यात मार्करनं ठळक तारीख घातलेली, खाली ‘झालं एकदाचं!’ मी फोटो मोठा करून बघितला आणि तिच्याकडचे पहाटेचे पाच वाजेपर्यंत वाट पाहून फोन लावला. बाण उलटा होता.