शरीर हीच औषधशाळा

सकाळचे आठ वाजले आहेत. डोंबिवलीच्या फलाटावर पाय ठेवण्यास जागा नाही. मुंबईकडे जाणारी गाडी येते, क्षणभर थांबते आणि दारापर्यंत भरून निघून जाते. त्या दाटीत एखाद्यास शिंक आली, तर तिचे तुषार किती जणांच्या श्वासात मिसळत असतील! 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी धावली आणि 1854 मध्ये लोहमार्ग कल्याणास पोहोचला. या मार्गाने माणसे आली, माल आला, तसे रोगही आले. 1918 मध्ये मुंबईत शिरलेली इन्फ्लुएन्झाची साथ आगगाडीच्या वाटेनेच दूरवर पसरली. 2020 च्या मार्च महिन्यात तर करोना विषाणूमुळे या मार्गावरील उपनगरी गाड्याच बंद ठेवाव्या लागल्या.

अशा रोगांवर लस हा उत्तम उपाय होय. लस ही एक प्रकारची शिकवणी आहे. शत्रू कसा दिसतो हे ती शरीराला दाखवते; त्याच्याशी लढण्याची साधने शरीराने स्वतः घडवावयाची असतात. परंतु सर्वांच्याच शरीराला ही शिकवणी मानवत नाही. ज्यांच्यावर मूत्रपिंडरोपण झाले आहे त्यांना प्रतिकारशक्ती दडपून ठेवणारी औषधे नेहमी घ्यावी लागतात. रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या अनेकांची तीच गत असते. अशा आजोबांना नातवाने शाळेतून आणलेली साधी सर्दीही जिवावर बेतू शकते. लस टोचूनही ज्यांचे शरीर शिकत नाही, त्यांनी काय करावे?

शरीर जी साधने घडवते त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. प्रतिपिंड म्हणजे इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे एक प्रथिन. त्याच्या दोन टोकांना विशिष्ट घडण असते. कुलपात किल्ली बसावी तशी ती टोके विषाणूच्या अंगावरील काट्यांना अचूक चिकटतात. मग त्या काट्यांना आपल्या पेशींचा दरवाजा उघडता येत नाही. ही प्रतिपिंडे बाहेरून आणून देता येतील काय? येतात. 1890 मध्ये बेरिंग व किटासाटो या शास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले, की रोगाला पुरून उरलेल्या प्राण्याच्या रक्तातील द्रव दुसऱ्या प्राण्यास टोचला असता त्याचेही रक्षण होते. पुढे या कामी घोडे पाळले जाऊ लागले. सर्पदंशावरचे औषध आजही घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडांपासूनच करतात. कल्याणच्या पुढे अंबरनाथ येथे भारत सिरम्स या कंपनीच्या कारखान्यात ते तयार होत आले आहे.

घोड्याचे प्रथिन मात्र माणसाच्या शरीराला परके वाटते व कधी कधी त्याचा त्रास होतो. 1975 मध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे प्रयोगशाळेतील पेशींकडून हवी तितकी करून घेण्याची युक्ती शोधली. तान्ह्या मुलांची छाती भरवणाऱ्या आरएसव्ही नावाच्या विषाणूवर आता असे औषध निघाले आहे. त्याची एक सुई सुमारे पाच महिने पुरते. पण यासाठी मोठमोठ्या टाक्यांतून पेशी वाढवाव्या लागतात, म्हणून ही औषधे महाग असतात. शिवाय सामान्य प्रतिपिंडांचा रक्तातील साठा दर तीन आठवड्यांनी निम्म्यावर येतो. पाच महिने टिकणारे औषध विशेष बदल करून घडवलेले असते.

हा व्यवहार डब्यासारखा आहे. डबेवाला आला तर जेवण, न आला तर उपास. त्यापेक्षा पाककृतीच लिहून पाठवली आणि घरच्या चुलीवर स्वयंपाक झाला तर? प्रतिपिंडांच्या बाबतीत ही पाककृती म्हणजे जनुक. कोणते अ‍ॅमिनो आम्ल कोणापुढे गुंफावयाचे, हे जनुकात सांकेतिक अक्षरांनी लिहिलेले असते. तो मजकूर स्नायूंच्या पेशींत पोहोचला, की त्या पेशी तो वाचून प्रतिपिंडे बनवतात व रक्तात सोडतात. एरवी हे काम स्नायूंचे नव्हेच. पण पेशी मोठ्या आज्ञाधारक असतात.

मजकूर पोहोचवावयाचा कसा, हाच खरा अवघड प्रश्न. एक मार्ग म्हणजे आरएनए या रेणूवर तो लिहून चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांतून पाठवणे. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने आरएनएची करोना लस केली व तिला जून 2022 मध्ये आणीबाणीतील वापराची परवानगी मिळाली. ती प्रतिपिंडांची नव्हे, लसीचीच कृती होती. तरी निरोप पोहोचवण्याची विद्या तीच. मात्र आरएनए लवकर विरून जातो. दुसरा मार्ग निरुपद्रवी विषाणूच्या रिकाम्या कवचातून जनुक पाठवण्याचा. तो दीर्घकाळ टिकतो. पण काही अपाय झाल्यास एकदा दिलेले जनुक परत घेणे कठीण. तिसरा मार्ग डीएनएची वर्तुळे स्नायूंत टोचून लगेच विजेचे अल्पसे झटके देण्याचा. त्यामुळे पेशींच्या आवरणांना क्षणभर छिद्रे पडतात व डीएनए आत शिरतो.

या तिसऱ्या मार्गाचा प्रयोग अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे निरोगी स्वयंसेवकांवर करण्यात आला. त्याचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. करोना विषाणूवरील दोन प्रतिपिंडांची जनुके त्यांना देण्यात आली होती. 72 आठवड्यांनंतरही, म्हणजे सुमारे साडेसोळा महिन्यांनीही, त्यांच्या रक्तात ती प्रतिपिंडे आढळली. ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पण रक्तातील त्यांचे प्रमाण अल्प होते आणि रोग टळतो किंवा नाही हे पाहणे हा त्या प्रयोगाचा हेतू नव्हता. उपचार सुरक्षित आहे काय, हेच मुख्यतः तपासावयाचे होते. दरम्यान विषाणूही स्वस्थ बसला नव्हता. त्याने आपले काटे इतके बदलले, की करोनावरील पूर्वीच्या प्रतिपिंडांची बरीचशी औषधे निरुपयोगी ठरली. कुलूप बदलले की किल्ली नवी घडवावी लागते. टाकीतील औषधापेक्षा जनुकाची अक्षरे बदलणे सोपे, असे संशोधकांना वाटते. मात्र जुनी कृती शरीरात चालू असताना तिला थांबवावे कसे, याचे उत्तर ते अद्याप शोधीत आहेत.